बूस्टचा कासरा: विदर्भाच्या उन्हाळ्यात घरचा कॉम्प्युटर कमी तापवून, कमी विजेत कसा चालवायचा

मागच्या लग्नसराईत माझा चुलतभाऊ वैतागून घरी आला. आसपासच्या चार-पाच खेड्यांतल्या लग्नांचं शूटिंग तो करतो, एडिटिंग घरीच. एडिटिंग झाल्यावर सगळं जोडून पक्का व्हिडिओ बनवण्याला रेंडर म्हणतात. म्हणाला, "दादा, रेंडर लावलं का कॅबिनेट बोंबलून रायलं. अन् लाईन गेली का यूपीएस दोन मिनिटंबी थांबत नाही." तालुक्याच्या एका दुकानात दाखवलं, तर तिथे 'प्रोसेसर कमी पडतोय, मोठा घ्या' असा सल्ला मिळाला. प्रोसेसर होता कोअर आय७-१२७००, बारा कोरचा. हा कमी कसा पडेल? उलट तो गरजेपेक्षा जास्त जोर लावत होता, आणि तोही राळेगाव तालुक्यातल्या टिनाच्या खोलीत, मे महिन्यात, दुपारी तीनला.

त्या कॉम्प्युटरवर आम्ही जे केलं ते इथे क्रमाने लिहितो आहे. नवीन खरेदी जवळजवळ काहीच नाही. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरायची भीती वाटत असेल तरी पहिल्या तीन पायऱ्या कोणालाही जमतील.

आधी बूस्ट म्हणजे काय ते पाहू

प्रोसेसरच्या खोक्यावर दोन वेग लिहिलेले असतात. आय७-१२७०० चा मूळ वेग २.१ गिगाहर्ट्‌झ, आणि बूस्टमध्ये तो ४.९ पर्यंत जातो. काम हलकं असेल तर सुस्त राहायचं, काम आलं की थोडा वेळ उसळी घ्यायची, हे इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये २००८ च्या पहिल्या कोअर आय७ पासून चालत आलं आहे. इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी, तिचंही तसंच, फक्त नावं वेगळी.

वॅटचेही दोन आकडे असतात. १२७०० साठी इंटेल ६५ वॅट हा मूळ आकडा सांगते आणि बूस्टमधला कमाल आकडा १८० वॅट. इंटेलच्या मूळ हिशेबानुसार ही १८० ची मुभा साधारण २८ सेकंदांपुरती असते, त्यानंतर प्रोसेसरने ६५ वर यायचं. पण मदरबोर्ड (प्रोसेसर ज्यावर बसतो ती मुख्य पाटी) बनवणाऱ्यांना चाचण्यांमध्ये आपला बोर्ड पुढे दिसावा असं वाटतं. म्हणून बरेच बोर्ड ही मुदतच काढून टाकतात आणि प्रोसेसर तासन्‌तास वरच्या आकड्याला पळत राहतो. काही बोर्डांच्या बायोसमध्ये तर मर्यादेच्या जागी ४०९६ वॅट लिहिलेलं दिसतं. म्हणजे मर्यादाच नाही.

एएमडीमध्ये खोक्यावर ६५ वॅट असेल तर सॉकेटमधून (बोर्डवरच्या प्रोसेसर बसायच्या जागेतून) प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत ओढायची परवानगी असते, १०५ असेल तर १४२ पर्यंत. तेव्हा '६५ वॅटचा प्रोसेसर आहे, तापणार नाही' हे गृहीत धरू नका.

सगळ्यात कळीची गोष्ट म्हणजे वरचा वेग फार महाग पडतो. प्रोसेसरची वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वरच्या टोकाला थोडा वेग वाढवायचा तरी व्होल्टेज बरंच चढवावं लागतं. समजा ३.८ गिगाहर्ट्‌झला १.०५ व्होल्ट लागतात आणि ४.४ ला १.२५. वेग वाढला १६ टक्के. वीज? १.२५ भागिले १.०५, त्याचा वर्ग, गुणिले ४.४ भागिले ३.८. उत्तर येतं १.६४ पट. सोळा टक्क्यांसाठी चौसष्ट टक्के जास्त वीज, आणि ती सगळी शेवटी उष्णता होऊन त्याच टिनाच्या खोलीत पडते.

बैल उमदा असला तरी चढावर त्याला पळवत नाहीत, कासरा आखडून चालवतात. बूस्ट बंद करायचा नाही, त्याचा कासरा आपल्या हातात घ्यायचा.

पहिली पायरी: मोजा, मग हात लावा

टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा. तिथे मूळ वेग आणि चालू वेग दोन्ही दिसतात. पण वॅट आणि तापमान बघायला एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका आणि त्यातलं सेन्सर्सचं पान उघडा. तीन ओळींवर नजर ठेवा: सीपीयू पॅकेज पॉवर, कोरचं तापमान आणि थर्मल थ्रॉटलिंग. तिसऱ्या ओळीत 'येस' आलं म्हणजे प्रोसेसर तापून स्वतःच वेग कमी करतो आहे. इंटेलच्या या पिढीत ती लक्ष्मणरेषा १०० अंशांना आहे, एएमडीच्या रायझन ५६०० ला ९०, ५६००जी ला ९५.

मग भार द्या. सिनेबेंच नावाचं चाचणीचं सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालवा किंवा तुमचं नेहमीचंच काम लावा, एखादा पाच मिनिटांचा व्हिडिओ रेंडर करा. वेळ लिहून ठेवा. हीच चाचणी एकदा सकाळी सहाला आणि एकदा दुपारी तीनला करा, कारण प्रोसेसरचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं. सकाळी खोली २८ अंश आणि प्रोसेसर ८० असेल, तर दुपारी खोली ४२ झाल्यावर तोच प्रोसेसर त्याच कामाला ९४ च्या आसपास जाणार. पुण्यातल्या एखाद्या माणसाने 'माझा तर ८० वरच असतो' असं लिहिलेलं वाचून आपल्याकडे तेच जमेल असं समजू नका. नवतप्यातली आपली दुपार त्याच्याकडे नसते.

भिंतीतून किती वीज ओढली जाते ते मोजायला प्लगमध्ये लावायचं वॅट मीटर मिळतं, पण घरचं वीज मीटरही पुरतं. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि जवळच एका युनिटला किती लुकलुकी ते छापलेलं असतं, पुष्कळदा ३२००. आपल्या मीटरवरचा आकडा बघून घ्या, काहींवर १६०० असतो. फ्रिज, पंखे, कूलर सगळं पाच मिनिटं बंद करा, फक्त कॉम्प्युटर चालू ठेवा. एका लुकलुकीला शून्य धरून पुढच्या दहा लुकलुकींना किती सेकंद लागले ते मोबाईलवर मोजा. ३२०० च्या मीटरला ११२५० भागिले ते सेकंद, म्हणजे वॅट. आमच्याकडे भावाने मीटरखाली उभं राहून आकडे मोजले आणि मी आत रेंडर लावला. ५० सेकंद लागले तर २२५ वॅट, २०० सेकंद लागले तर ५६. (१६०० च्या मीटरला ११२५० ऐवजी २२५०० घ्या.) यूपीएस मध्ये असेल तर त्याची बॅटरी आधी पूर्ण भरू द्या, नाहीतर चार्जिंगची वीजही हिशेबात येते.

दुसरी पायरी: हीटसिंकमधला कापूस काढा

आपल्याकडे धूळ नुसती धूळ नसते. दिवाळीनंतर वेचलेला कापूस घरात येऊन पडतो, भाव वाढेल म्हणून संक्रांतीपर्यंत पडून राहतो, आणि त्याचे तंतू हवेत तरंगत असतात. मग तूर, हरभरा निघाला की कुटाराची धूळ. कॅबिनेटचा पंखा हे सगळं आत ओढतो. भावाच्या प्रोसेसरवरचा पंखा काढला तर खालच्या हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांवर गादीच्या खोळीसारखा एक सलग थर बसला होता. चिमटीत धरून ओढला तर अख्खा निघून आला. आजी तिथेच बसली होती. ती म्हणाली, "फेकू नोको, चार वाती होतीन."

साफ करताना घ्यायची काळजी अशी. स्विच बंद करून वायर काढा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने किंवा काडीने धरून ठेवा, मोकळा फिरू देऊ नका. सायकलच्या दुकानातला कॉम्प्रेसर वापरू नका, त्यातून पाण्याचे थेंब येतात. रंगाचा मऊ ब्रश चांगला.

पंखा-हीटसिंक मुळापासून काढणार असाल तर थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंकमधला लेप) नवी लावावी लागेल, ती आधी आणून ठेवा. वाटाण्याएवढा ठिपका पुरतो. इंटेलच्या डब्यातल्या पंख्याला चार पाय असतात, समोरासमोरचे दोन-दोन दाबून बसवा आणि बोर्डच्या मागून चारही खुंट्या बाहेर आल्या का ते बोटाने तपासा. एक पाय सैल राहिला तर तापमान चढतं आणि दोष प्रोसेसरला जातो. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर वेगळा धोका आहे. पेस्ट सुकली असेल तर हीटसिंक सरळ वर ओढल्यावर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी पंधरा मिनिटं कॉम्प्युटर चालवून गरम करा, बंद करा, मग हीटसिंक हळूहळू डावी-उजवीकडे पिळत सोडवा.

तिसरी पायरी: जागा

कॅबिनेट पश्चिमेच्या भिंतीला आणि टिनाच्या जवळ नको. टेबलाच्या बंद कप्प्यात तर अजिबात नको, तिथे ते स्वतःचीच गरम हवा परत ओढतं. मागे वीतभर जागा सोडा. खोलीतल्या कूलरचा कॉम्प्युटरला फायदा होतोच, खोलीच बरीच उतरते. पण त्याचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. आपल्या बोअरचं पाणी क्षाराचं, आणि पाण्याचे तुषार सोबत आले तर बोर्डवर पांढरा थर बसतो. कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत नुसतं दमट होतं.

चौथी पायरी: बायोसमध्ये वॅटची मर्यादा

कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा. आत आल्यावर आधी मोबाईलवर प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, म्हणजे मूळ आकडे हाताशी राहतील.

इंटेलच्या बोर्डवर दोन आकडे शोधायचे: लाँग ड्युरेशन पॉवर लिमिट आणि शॉर्ट ड्युरेशन पॉवर लिमिट. काही बोर्डवर त्यांना पीएल१ आणि पीएल२ म्हणतात. काही बोर्ड पहिल्यांदा सुरू करताना विचारतात की कूलर कुठला आहे: डब्यातला, टॉवर की पाण्याचा. दुकानदार घाईत पाण्याचा निवडून मोकळा होतो आणि मर्यादा उडून जाते. तिथे डब्यातला निवडला तर अर्धं काम तिथेच झालं.

भावाच्या बोर्डवर दोन्ही जागी ४०९६ होतं. ते खाली कसं आणायचं? एकदम ६५ करू नका. आधी दोन्ही १२५ करा, सेव्ह करा, तोच पाच मिनिटांचा व्हिडिओ रेंडर करा, वेळ आणि तापमान लिहा. मग ९५. मग ८०. प्रत्येक वेळी बघा की वेळ किती वाढला. सुरुवातीला वॅट भरपूर उतरतात आणि वेळ जेमतेम वाढतो. मग एक टप्पा येतो जिथे वेळ झपाट्याने वाढायला लागतो. त्याच्या जरा वर थांबायचं.

खूप खाली का जायचं नाही, तर प्रोसेसर सोडून बाकीचा कॉम्प्युटर आणि मॉनिटरही तेवढा जास्त वेळ जळत राहतो. हिशेबासाठी समजा बाकीचं मिळून ५० वॅट. एक तासाचा रेंडर १८० वॅटवर केला तर २३० वॅट-तास खर्च झाले. ९५ वर तोच रेंडर ७२ मिनिटं चालला तर १४५ गुणिले १.२, म्हणजे १७४. आता ३५ वर आवळला आणि १४० मिनिटं लागली तर ८५ गुणिले २.३३, म्हणजे १९८. कासरा फार आवळला तर बैल उभाच राहतो.

सगळ्यांनाच ही पायरी लागेल असं नाही. कोअर आय५-१२४०० वर कमाल ११७ वॅट लिहिलेले असले तरी त्याचे सहा कोर नेहमीच्या कामात तिथवर सहसा जात नाहीत. त्याला पंखा साफ केला, दोन्ही मर्यादा ६५ ते ७५ च्या मध्ये ठेवल्या की पुरे. १२७००, १३४०० आणि त्यावरचे हे खरे ओढाळ.

एएमडीवर हे आणखी सोपं. प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्हच्या पानावर किंवा जवळपास इको मोड, म्हणजे कमी वॅटची तयार सेटिंग, सापडतो. १०५ वॅटचा प्रोसेसर असेल तर ६५ चा इको मोड लावा, म्हणजे ओढ १४२ वरून ८८ वर येते. ५६००जी साठी एएमडीनेच ४५ ते ६५ वॅटची सोय दिलेली आहे, बऱ्याच बोर्डांवर ती सीटीडीपी नावाने असते. ऑनलाइन अर्ज, टॅली, पोरांचा अभ्यास एवढंच काम असेल तर ४५ वर ठेवा, फरक जाणवणारही नाही. २०२२ च्या सात हजार मालिकेतले ७६००एक्ससारखे प्रोसेसर भाराखाली ९५ अंशांपर्यंत जायलाच बनवले आहेत, त्यामुळे आकडा बघून घाबरू नका, पण इको मोड तिथे सगळ्यात जास्त फळतो.

कर्व्ह ऑप्टिमायझर दिसला आणि हौस असेल तर ऑल कोर, निगेटिव्ह, १० इथून सुरुवात करा. त्यात तेवढ्याच वेगाला जरा कमी व्होल्टेज दिलं जातं. आठवडाभर कॉम्प्युटर स्वतःहून बंद पडला नाही तर १५ करा. रेंडर करताना किंवा नुसता बसलेला असताना अचानक रीस्टार्ट झाला तर एक पायरी मागे या. नावाच्या शेवटी के नसलेल्या इंटेल प्रोसेसरवर ही व्होल्टेजची कारागिरी बहुधा बंद असते, तिच्या मागे लागू नका.

तेरावी-चौदावी पिढी वापरत असाल तर बायोस अपडेट करणं टाळू नका. त्यातल्या वरच्या प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून ते कायमचे बिघडत होते, आणि इंटेलने २०२४ च्या ऑगस्टपासून त्यावर मायक्रोकोडची, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची, दुरुस्ती दिली. ती बोर्डच्या बायोस अपडेटमधूनच येते. फक्त अपडेट करताना लाईनचा भरवसा नसेल तर कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर घेऊन करा. मध्येच वीज गेली तर बोर्ड मरू शकतो.

पाचवी पायरी: विंडोज, आणि ९९ टक्क्यांची युक्ती

पॉवर ऑप्शन्समध्ये हाय परफॉर्मन्स असेल तर बॅलन्स्ड करा. किमान प्रोसेसर स्टेट ५ टक्के ठेवा. एवढ्यानेच रिकामा बसलेला प्रोसेसर शांत होतो.

इंटरनेटवर सगळीकडे एक युक्ती सांगतात: कमाल प्रोसेसर स्टेट १०० वरून ९९ करा. याने बहुतेक कॉम्प्युटरवर बूस्ट पूर्ण बंद होतो आणि प्रोसेसर मूळ वेगाच्या वर जात नाही. भावाच्या १२७०० चा मूळ वेग २.१ आहे. ४.९ चं जनावर २.१ वर बांधून ठेवलं तर रेंडर रात्रभर चालेल. म्हणून रोजसाठी हा उपाय मला पटत नाही, बायोसची मर्यादा केव्हाही बरी.

पण लाईन गेल्यावर ही युक्ती सोन्यासारखी आहे. बॅलन्स्डवरून एक नवा प्लॅन बनवा, त्याला 'लाईन गेली' असं नाव द्या, कमाल ९९ टक्के, स्क्रीनचा उजेड कमी. लाईन गेली की तो निवडायचा, आली की परत बॅलन्स्ड. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी असते, कागदावर ८४ वॅट-तास, आणि जोरात ओढली तर त्यातले अर्धेसुद्धा हाती लागत नाहीत. भावाचा यूपीएस दोन मिनिटांत का बसायचा, ते आता लक्षात आलं असेल. बॅटरी जुनी होती हे खरं, पण रेंडर चालू असताना तिच्यावर सव्वादोनशे वॅटच्या वर भार पडत होता. १५० अँपिअर-तासाच्या इन्व्हर्टर बॅटरीतून वापरण्याजोगे हजार-अकराशे वॅट-तास धरा. २३० वॅटवर साडेचार तास, १४५ वर सात.

ओलिताच्या दिवसांत संध्याकाळी डीपीवरच्या मोटारी सुरू झाल्या की घरातलं व्होल्टेज घसरतं आणि यूपीएस टकटक करत बॅटरीवर जातो-येतो. अशा वेळी बूस्टचा अचानक झटकाही नको असतो. वॅटची मर्यादा लावल्यापासून भावाचा यूपीएस ओव्हरलोडची शिट्टी वाजवत नाही.

बिलात किती फरक पडतो?

फार नाही, हे आधीच सांगतो. रोज चार तास रेंडर आणि ८० वॅटची बचत धरली तर महिन्याला साडेनऊ-दहा युनिट. तुमचं घर शंभर युनिटच्या काठावर असेल तर ही युनिटं पुढच्या महाग टप्प्यातून वाचतात, एवढाच त्याचा मोठेपणा. त्यापेक्षा मोठी गळती दुसरीकडेच आहे. रात्रभर चालू सोडलेला कॉम्प्युटर काहीही न करता ५५ वॅट खात असेल, तर चौदा तासांनी रोज पाऊण युनिट, महिन्याला २३ युनिट. तेव्हा पंधरा मिनिटांनी स्लीप लावा, ती सेटिंग बूस्टच्या सगळ्या खटाटोपापेक्षा जास्त वाचवते. बूस्ट आवळण्याचा खरा फायदा उकाडा, आवाज आणि इन्व्हर्टरचे तास यांत आहे.

एवढं करूनही मे महिन्यात प्रोसेसर नव्वदीच्या वर राहत असेल तर दोन हजारांच्या आसपासचा टॉवर कूलर घ्या. मोठा प्रोसेसर घेण्याआधी तरी हे करून बघा.

सहावी पायरी: पुन्हा मोजा, आणि सेलवर लक्ष ठेवा

सगळं झाल्यावर पहिल्याच पायरीतली चाचणी त्याच वेळी, म्हणजे दुपारी तीनला, परत करा. भावाने वॅटची मर्यादा ९५ वर थांबवली. पहिले आणि नंतरचे आकडे त्याने एका कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवले आहेत. ते पुढे कामी आले. पावसाळ्यात एक दिवस पंखा पुन्हा बोंबलायला लागला. उघडून बघितलं तर कापूस नाही, पेस्ट ठीक. मग लक्षात आलं, विंडोजची तारीख काही वर्षं मागे गेली होती. बोर्डवरचा गोल सेल, सीआर २०३२, संपला होता. घरातली लाईन दिवसदिवस जाते किंवा आपण मेन स्विच बंद करतो तेव्हा बऱ्याच बोर्डांवर बायोसची आठवण त्याच सेलवर टिकते. सेल गेला की बायोस मूळ पदावर, आणि मर्यादा परत ४०९६. सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. बदला, तारीख लावा, आणि चिकटवलेल्या कागदावरून ९५ पुन्हा भरा.